चार नंबरच्या टेबलाखालची घडी

बोएदो, बुएनोस आयरेस
३० ऑगस्ट १९९७

प्रिय नेलिदा,

अत्यंत जड अंतःकरणाने, आणि त्याहून जड पोटाने, तुला कळवणं भाग आहे की काल, शुक्रवार दिनांक एकोणतीस रोजी, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, तुझ्या मालकीच्या 'नुएवा कामोली' या खाणावळीतल्या चार नंबरच्या टेबलाने माझा विश्वासघात केला.

मी पहिली न्योकी, तो बटाट्याचा मऊ गोळा, काट्यावर घेतली, डावं कोपर टेकवलं, आणि टेबल खिडकीकडे कललं. त्याबरोबर वाईनचा पेंग्विन कलंडला. हो, तोच, चोच फुटलेला चिनी मातीचा पेंग्विन, ज्याच्या पोटातून सिल्वेस्त्रेमामाने, म्हणजे तुझ्या वडिलांनी, सगळ्या बोएदोला तीस वर्षं पाणी घातलेली वाईन पाजली. माझी राखाडी पॅंट आता एका बाजूने जांभळी आहे. मला दुसरी राखाडी पॅंट नाही हे तुला ठाऊक असेलच. नसल्यास आता झालं.

हा दैवाचा खेळ नव्हे. यामागे माणूस आहे. जिनोआत बसून तू इथे नेमलेला तो मॅनेजर, टायवाला लेदेस्मा. त्याने साफसफाई काढली आहे. चार नंबरच्या आखूड पायाखाली कागदाची एक घडी होती, एकोणीस वर्षं. ती त्याने बुटाच्या टोकाने उडवली.

"लेदेस्मा," मी म्हटलं, "ती घडी म्हणजे या इमारतीचा पाया आहे."

"डॉन आमिल्कार, ती झुरळांची वसाहत आहे."

"मग त्यांना नोटीस तरी द्यायची!"

मामा जानेवारीत गेला, मालकीण तू झालीस. माझ्या आईच्या, म्हणजे तुझ्या आत्याच्या, वाट्याला सहा चमचे आले. तेव्हा मला हक्क आहे तो फक्त तक्रारीचा, आणि तो मी पूर्णपणे बजावतो आहे.

बाकी सगळं जागच्या जागी. सकाळी मी पालिकेच्या वस्ती-इतिहास कचेरीत हजेरीवहीवर सही केली. महिन्यातून एकदाच, एकोणतीसला, पगारापुरते उगवणाऱ्या आम्हां नोकरांना हे शहर 'न्योकी' म्हणतं. आणि एकोणतीसलाच सारं शहर बटाट्याच्या न्योकी खातं. म्हणजे त्या दिवशी मी एक प्रकारे भाऊबंदच गिळत असतो. रिवाजाप्रमाणे ताटाखाली दोन पेसोंची नोट ठेवली, जेवलो, नोट परत पाकिटात घातली. तिथले बाकीचे लोक नोट ताटाखालीच सोडून जातात, मामाने त्यांना तशी सवय लावून ठेवली आहे. मी मात्र कट्टर माणूस. माझ्या नोटेने ओढून आणलेलं नशीब दुसऱ्याच्या घरी का जावं?

न्योकी तशाच, नेलिदा. डोन्या ओब्दुलियाच्या हाताला वय नाही. जीभ काही विचारायच्या आत विरघळतात.

ती घडी मी उचलून खिशात घातली. घरी किटलीच्या वाफेवर उलगडली तर निघालं १९७२ सालचं, पंचविसाव्या वर्धापनदिनाचं छापील कार्ड. पुढे दारातला फोटो. त्यात तू एकोणीस वर्षांची, आणि केस असे, की एखाद्या पक्ष्याने अर्धवट टाकून दिलेलं बांधकाम. मागे कोण काय करतं त्याची यादी. 'गल्ला' या शब्दापुढे आपली आजी, नोन्ना असुंता फेरांदो. 'स्वैपाकघर' पुढे ओब्दुलिया. हे कार्ड मी ओलीस ठेवलं आहे. त्याच जाडीची दुसरी घडी मिळेपर्यंत सुटका नाही.

तुझा, आणि अजून ओला,
आमिल्कार


जिनोआ
१४ सप्टेंबर १९९७

आमिल्कार,

बाबा गेले तेव्हा तू दोन ओळींची तार केलीस. टेबल हललं तर तीन पानं. कळली किंमत.

माझं इथे छान चाललंय. सिन्योरा पास्तोरिनोंचं घर मोठं, जुन्या घराण्याचं. माझ्या खोलीतून समुद्र दिसतो. पाच वाजता आम्ही दोघी चहा घेतो. त्यांना माझ्यावाचून क्षणभर करमत नाही, रात्रीसुद्धा हाका मारतात. तेव्हा मी इथे उपाशी मरतेय म्हणून दुकान विकतेय, असं बोएदोत कोणी बोललं तर त्याचं तोंड बंद कर.

हो, विकतेय. बोनेल्ली नावाचा माणूस आहे, त्याची शहराच्या उत्तरेला तीन हॉटेलं आहेत. त्याला आपल्या भिंती नकोत, खुर्च्या नकोत, तुझं टेबल तर नकोच. त्याला इतिहास हवाय. म्हणतो, "सिन्योरा, आजकाल लोक सॉस खात नाहीत, आजी खातात." त्याला एक नोन्ना पाहिजे. आपल्याकडे होती की नाही?

नोव्हेंबरात पन्नास वर्षं होतायत. तू एक पान लिही: 'नुएवा कामोली'चा इतिहास. मेनूवर छापू, फ्रेम करून भिंतीवर लावू. तुझी ती कचेरी इतिहासाचीच आहे ना? मग एकदा तरी तिचं काम कर. खाली हुद्दा घाल, शिक्का मार. नोन्नाला स्वैपाकघरात उभी कर, तिच्या हाताची चव, गुपित, वगैरे. तुला सांगायला नको.

बदल्यात: मरेपर्यंत दर एकोणतीसला न्योकी फुकट, टेबल चार, खिडकीजवळ, न हलणारं. विक्रीच्या करारात लिहून घेते.

आणि ते कार्ड कोणाला दाखवत बसू नकोस. मलाच पाठव. आठवण म्हणून.

नेलिदा


बोएदो
३० सप्टेंबर १९९७

प्रिय नेलिदा,

तू मला एका ताटात विकत घेतलंस, आणि ताट खोल आहे, त्यामुळे माझी तक्रार नाही. मजकूर सोबत आहे. सुरुवात इथेही उतरवतो, कारण मला ती पुन्हा लिहायचा मोह आवरत नाही:

'सन १९४७. कामोलीच्या धक्क्यावरून जहाज सुटलं तेव्हा असुंता फेरांदोच्या गाठोड्यात तीनच वस्तू होत्या: न्योकीवर रेघा पाडायची एक लाकडी फळी, आईने दिलेला एक एप्रन, आणि एक गुपित. फळी झिजली, एप्रन विरला. गुपित मात्र तिने १९८१ साली अखेरचा श्वास घेईतो स्वतःच्या दोन हातांबाहेर जाऊ दिलं नाही. आणि त्यानंतरही ते कुटुंबाच्याच हातांत राहिलं. १९८९ साली सूप आणि गोडाच्या मधल्या वेळात भाव बदलत होते, खडूने लिहिलेल्या पाटीवर पुसायलाच एक माणूस लागत होता, तेव्हासुद्धा एक गोष्ट बदलली नाही...'

आपल्या आजीला तू ओळखतेस, मीही ओळखतो. चौतीस वर्षं ती गल्ल्यावर बसली, हातात छोटी घंटा, आणि उधारी मागणारा दिसला की बहिरी व्हायची. चुलीपाशी तिला कोणी जाऊ देत नसे. आजोबा म्हणायचे, "लोक म्हणतात मी लढाईमुळे देश सोडला. मी असुंताच्या सूपमुळे सोडला. पण ती त्याच बोटीवर चढली!" हे सगळं मी गाळलं आहे. इतिहासात काय गाळायचं हे कळतं म्हणून तर मला सरकारी पगार आहे.

शिक्काही मारला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच वापरला. शाई सुकली होती, थुंकी लावावी लागली.

काल मी ते पान स्वैपाकघरात जाऊन वाचून दाखवलं. लेखकाला श्रोता लागतो आणि लेदेस्मा वाचायला लागला की त्याचे ओठ हलतात. डोन्या ओब्दुलिया पीठ मळत होती. बटाट्यात मूठभर मांडिओका कंदाचं पीठ घालायचं ते तिचं, तिच्या मिसियोनेसकडचं. जिनोआच्या सगळ्या आज्या मेल्या तरी त्यांना सुचलं नसतं. मळता मळता ऐकत होती.

"ही बाई कोण, पोरा?" मी एक्कावन्न वर्षांचा आहे, पण तिला मी पोरच.

"आमची आजी."

"ती गल्ल्यावरची? जिने एकदा पाणी करपवलं होतं ती?"

"साहित्य आहे हे, डोन्या ओब्दुलिया."

"बरं. मग तिला सांग, उद्या अठरा किलो बटाटे सोलायचेत. सहाला ये म्हणावं."

हसली. मग हात पुसले आणि म्हणाली, "तू कचेरीतला माणूस. मला पेन्शनचं बघायचंय. सासष्ट झाली, गुडघे गेले. तिथली मुलगी म्हणते, कागद आणा. इतक्या वर्षांचा एकतरी कागद. मी म्हटलं, बाई गं, मी बटाटे उकडले, कागद नाही उकडले. पंचविसाव्या वर्षीचं एक कार्ड होतं बघ, त्यावर माझं नाव छापलं होतं. तुला कुठे दिसलं तर सांगशील?"

मी म्हटलं, बघतो.

नेलिदा, तुला ते कार्ड 'आठवण म्हणून' हवं आहे. कशाची आठवण, ते जरा मला सांगशील?

आमिल्कार


जिनोआ
१५ ऑक्टोबर १९९७

आमिल्कार,

बोनेल्लीने वाचलं. त्याच्या बायकोला रडू आलं. सौदा पक्का.

आता तुझ्या प्रश्नाचं. तुला सगळं स्वच्छ लिहून हवं असतं ना? घे. ओब्दुलिया वेरा १९६९ साली पोसादासहून एक पत्र्याची पेटी घेऊन आली आणि तेव्हापासून आजपर्यंत, अठ्ठावीस वर्षं, ते स्वैपाकघर तिनेच चालवलं. मला माहीत आहे. तुला माहीत आहे. बोएदोतल्या मांजरांनाही माहीत आहे. पण कागदावर ती नाही, कधीच नव्हती, आणि बोनेल्लीचा वकील म्हणतो, जागेबरोबर अठ्ठावीस वर्षांची जुनी नोकरीण निघाली तर तिची भरपाई, तिचा फंड, सगळं येतं आणि माणूस सौदा सोडून जातो. झालं समाधान?

आणि बाबांनी तिला काय कमी केलं? मागची खोली दिली. दोन वेळा जेवण दिलं. आणि पगार नव्हता असंही नाही. एकोणतीसला ताटाखाली जे निघायचं ते सगळं तिचं. म्हणून तर बाबांनी लोकांच्या मनात भरवलं की या घरातून नोट परत नेली तर नशीब फुटतं. सगळे सोडून जायचे. एक तू सोडून. तेव्हा तिच्या पोटाची काळजी तू मला सांगू नकोस. एकोणीस वर्षं तिच्या ताटाखालून पगार उचलून नेणारा माणूस या जगात एकच आहे.

आणि जो महिन्यातून एकदा उगवून सही करतो त्याने घामाच्या गोष्टी करूच नयेत.

कार्ड जाळून टाक. टेबल चार लक्षात ठेव.

नेलिदा


बोएदो
२ मार्च १९९८

नेलिदा,

इतके महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं बरंच होतं, म्हणूनच.

नोव्हेंबरात पान छापलं गेलं, फ्रेम लागली. फोटोत बोनेल्लीने कोणाची तरी आजी घातली आहे, आपली नव्हे. आपली फार रागीट दिसत होती म्हणे. डिसेंबरात ओब्दुलियाला मागची खोली रिकामी करायला सांगितली. ती लानूसला भाचीकडे गेली, त्याच पत्र्याच्या पेटीसकट, आणि तिने पेन्शनसाठी अर्ज केला.

सुनावणी फेब्रुवारीत झाली. यंदाच्या फेब्रुवारीला एकोणतीस तारीख नाही, तेव्हा नशिबाची अपेक्षा कोणालाच नव्हती. एक लांबट खोली, एक पंखा आणि टेबलामागे एक अधिकारी बाई, मनाने वाईट नसलेली. बोनेल्लीच्या वकिलाने कागद काढला. कोणता, ते ओळखलंच असशील. बाईने तो मोठ्याने वाचला. गाठोड्यातल्या तीन वस्तूंपाशी ती खुदकन हसली. लेखक म्हणून मी सुखावलो. हे मी तुला सांगतो आहे कारण दुसऱ्या कोणाला सांगायची लाज वाटते.

ओब्दुलियाने साक्षीदार म्हणून माझंच नाव दिलं होतं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"शिक्का खरा?"

"खरा."

"आणि मजकूर?"

खोटा म्हणावं तर शिक्क्याचं काय? मग कोणीतरी विचारणार, हा शिक्का मारणारा गृहस्थ कचेरीत नेमका कधी असतो. मी म्हटलं, "उपलब्ध माहितीनुसार."

उपलब्ध माहिती माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होती, आठ घड्यांची. जाळली नव्हती. का, ते विचारू नकोस. द्यायचीही हिंमत नव्हती आणि जाळायचीही. त्या उकाड्यात मी एकटा कोट घालून बसलो होतो. ओब्दुलिया माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. त्या खिशाकडे बघत होती. मला वाटलं, बटण तुटलंय.

अर्ज फेटाळला. बाहेर पायऱ्यांवर मी काहीतरी बोलायला गेलो. ती म्हणाली, "तुझी आजी बोलली छान, पोरा. जिवंत होती तेव्हा कधी एवढी बोलली नाही."

जानेवारीत मी माझी ठरलेली न्योकी खायला गेलो होतो. टेबल चार नवं आहे, संगमरवरी, हलवायचं म्हटलं तरी हलत नाही. न्योकी यंत्रातून येतात, सगळ्या एका मापाच्या, सैनिकांसारख्या. मी चार खाल्ल्या. वाढप्याने विचारलं, "सर, आजीचा हात कसा वाटला?"

आमिल्कार


जिनोआ
२७ मार्च १९९८

आमिल्कार,

तुझ्या पत्राला सविस्तर उत्तर नंतर. माझं इथे अडलंय.

सिन्योरा पास्तोरिनो दहा तारखेला गेल्या. मुलगा मिलानहून आला, दोन दिवसांत सगळ्या फर्निचरला चिठ्ठ्या चिकटवल्या. मला म्हणाला, आठवड्यात खोली सोडा. मी म्हटलं, माझ्या नऊ वर्षांचं काय? तर म्हणतो, "नऊ वर्षं काय? तुम्ही तर आईच्या मैत्रिणीसारख्या होतात. राहायला होतं, खायला होतं." मैत्रीण! आमिल्कार, मी त्या बाईला उचलून न्हाऊ घातलं, भरवलं, रात्रीतून चार-चार वेळा कूस बदलली. पाठ गेली माझी. तुला खोटं कशाला सांगू, समुद्र दिसतो तो संडासाच्या खिडकीतून. माणसं इतकी निर्लज्ज कशी असू शकतात, मला खरंच कळत नाही.

आणि दुकानाच्या पैशाचं विचारू नकोस. बाबांची कर्जं फेडून जे उरलं त्यात इथे एक गॅरेज येत नाही.

इथल्या कामगार कचेरीतला माणूस म्हणाला, पुरावा आणा, कुठलाही कागद. माझ्या नावाचा एकही कागद त्या घरात नाही. मग आठवलं, तुला लिहिलेली माझी पत्रं! त्यांवर या घराचा पत्ता आहे, तारखा आहेत, पोस्टाचे शिक्के आहेत. तू कागद टाकत नाहीस हे मला माहीत आहे. सगळी पाठव, पाकिटांसकट, रजिस्टरने, लवकर. आणि वर तुझं एक पान जोड, तुझ्या त्या ठसकेबाज भाषेत: मी इथे नऊ वर्षं राबले, तुला ठाऊक आहे, सही, शिक्का. तुझ्या शिक्क्याने एवढं मोठं दुकान विकलं गेलं, माझ्या हक्काचं मिळवून द्यायला काय हरकत आहे?

तू एकटाच आहेस मला.

नेलिदा


बोएदो
३० एप्रिल १९९८

प्रिय नेलिदा,

पत्रं रजिस्टरने पाठवली आहेत, पाकिटांसकट, नऊ वर्षांची सगळी. जाण्यापूर्वी मी ती पुन्हा वाचली. पत्ता आहे, तारखा आहेत, शिक्के स्वच्छ आहेत. फक्त एक अडचण आहे, ती आधीच सांगून ठेवतो. त्या पत्रांत तू चहा पितेस. समुद्र बघतेस. सिन्योराबरोबर फिरायला जातेस, १९९३च्या पत्रात तर तू पियानो ऐकतेस. राबताना तू एकदाही सापडत नाहीस. वकिलाला आवडतील ती पत्रं; पण बहुधा समोरच्या. आपल्या घराण्यात लिहिणारे दोघेच, आणि दोघांचंही लेखन शत्रूच्याच कामाला आलं.

साक्षीचं पान लिहिलं आहे, सोबत आहे. त्यात विनोद नाही. शिक्काही नाही, तो का, ते पुढे कळेल.

आणि गठ्ठ्यात एक पत्र कमी आहे. पंधरा ऑक्टोबरचं. ते दुसऱ्या फाइलला लागलं आहे.

काल एकोणतीस होती. सकाळी मी माझ्या कचेरीकडे निघालो आणि बस तिथे थांबली तरी उतरलो नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझी सही राहिली. थेट पेन्शनवाल्यांकडे गेलो. तीच अधिकारी बाई, तोच पंखा. मी लिहून दिलं की माझ्या शिक्क्याखालचा इतिहास पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी रचला आहे, आणि मला ते लिहिताना माहीत होतं. सही केली. मग कार्ड काढलं.

बाईने दोन्ही बाजूंनी बघितलं. "यात आडनाव नाही."

"म्हणजे?"

"सगळ्यांची आहेत. फेरांदो, फेरांदो, वाढप्याचंसुद्धा आहे. स्वैपाकघरापुढे नुसतंच ओब्दुलिया. कुठली ओब्दुलिया? हे मला चालणार नाही, सेन्योर."

पंचवीस वर्षं झाली त्या कार्डाला, नेलिदा, आणि माझ्याकडे आठ महिने होतं, मला हे दिसलं नव्हतं. वाढप्याचंही आडनाव मामाला आठवलं होतं.

तेव्हा मी तुझं पत्र तिच्यापुढे ठेवलं. मालकिणीच्या हाताचं, पाकिटासकट. त्यात आडनाव आहे. साल आहे, गाव आहे, पत्र्याची पेटीसुद्धा आहे. बाईने दोनदा वाचलं, या वेळी मनातल्या मनात. मग शिक्का मारला आणि म्हणाली, प्रकरण पुन्हा उघडावं लागेल. बोनेल्लीचा वकील काय करेल ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. करारावर सही तुझी आहे. त्याचं पत्र तुला माझ्या या पत्राच्या पाठोपाठ मिळेल. मला शिव्या द्यायच्या असतील तर याच पत्त्यावर दे. माझा कचेरीचा पत्ता आता राहिला नाही असं समज.

तिथून लानूसला गेलो. भाचीच्या घराच्या खिडकीत पुठ्ठ्यावर लिहिलं आहे, 'आज न्योकी'. गल्लीतली माणसं पातेली घेऊन येतात. आत एकच टेबल. मला बघून ओब्दुलिया म्हणाली, "बस. इकडे नको, त्या खुर्चीला तीनच पाय आहेत."

मी सगळं सांगितलं. कार्ड पुढे केलं. म्हटलं, हे माझ्याकडे होतं, ऑगस्टपासून. मी तुम्हाला 'बघतो' म्हणालो तेव्हाही होतं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "लेदेस्माने त्याच दिवशी सांगितलं, तू खिशात घातलंस म्हणून."

"मग मागितलं का नाही?"

"मागितलं की. तू बघतो म्हणालास. मी वाट बघितली." तिने रस्सा ढवळला. "माझंच होतं ते. एकच प्रत मिळाली होती मला. तुला नवी नोकरी लागली, तू दर एकोणतीसला यायला लागलास, आणि तुझं टेबल हलायचं. दर वेळी बडबड. कोपर टेकवलं की बडबड. हाताशी दुसरं जाड काही नव्हतं. म्हटलं, घाला याच्याखाली, पोराला सुखाने जेवू द्या."

हे वाचून तुला आनंद होईल.

तिने ताट ठेवलं. मी सवयीने कोपर टेकवलं आणि टेबल कललं. ओब्दुलियाने कार्ड माझ्या हातातून घेतलं. "कचेरीला नको ना हे? मग निदान कामाला लागू दे." जुन्या घड्यांवरच पुन्हा दुमडलं, गुडघा धरत खाली वाकली. मी वाकायला गेलो तर म्हणाली, "तू बस, तुला नाही जमायचं." पायाखाली सारलं. टेबल थांबलं.

भाची दारात कोणाशी तरी पातेल्यावरून हुज्जत घालत होती. ओब्दुलिया चुलीकडे वळली, तिची पाठ माझ्याकडे होती. मी दोन पेसोंची नोट काढली, ताट जरासं उचललं, खाली सरकवली. मग सगळ्या न्योकी खाल्ल्या, रस्सा पावाने पुसून घेतला, तोंड पुसलं, टोपी घेतली.

ताट उचललं नाही.

आमिल्कार